चाळीस फॉर्म आणि सूपभर गहू

ज्या लेखाचं पहिलं पान तीनदा वाचूनही कळत नाही ते संशोधन, आणि जे एका वाचनात कळतं तो वर्तमानपत्रातला मजकूर, अशी तिशी उलटेपर्यंत माझी पक्की समजूत होती. ही समजूत घेऊन मी एम.फिल.ला नाव नोंदवलं. विषय समाजशास्त्र. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, आम्ही धुळ्याला देवपुरात राहत होतो, आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते. त्या बाईचा एक फोटो आहे माझ्याकडे. जाड काड्यांचा चष्मा, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला शबनम, आणि चेहऱ्यावर असा भाव, की समाज नावाची वस्तू घडी घालून हिच्या शबनममध्येच ठेवली आहे. नात तो फोटो बघून म्हणते, "आजी, केवढी रागीट दिसतेस!"

रागीट नाही गं, घाबरलेली होते. घाबरलेली बाई फोटोत अशीच येते.

घाबरण्याचं कारण साधं होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. आमचे हे शाळेत मास्तर, स्वभावानं शांत, या विषयावर एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांचं न बोलणंच मला बोलण्यासारखं वाटायचं. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. शाळेची पायरी न चढलेली, शेतावर वाढलेली बाई. घरात अहिराणी बोलायच्या. मी जळगाव शहरातली, मला अहिराणी समजायची पण बोलताना जीभ अडखळायची. एम.फिल.चं मी घाबरत घाबरत विचारलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिक ना. घरमा बशीसन भिंती काय मोजशी?"

तर भिंती सोडून मी समाज मोजायला निघाले.

माझे मार्गदर्शक सर जळगावच्या कॉलेजात होते. महिन्यातून दोनदा मी धुळ्याहून लाल डब्यानं जळगावला जायची, सरांना भेटायची, माहेरी जेवायची आणि संध्याकाळी परत. पहिल्याच भेटीत सर म्हणाले, "विषयाला धरून दहा लेख आणा. पण माझी एक अट आहे. प्रत्यक्ष पाहणी करून लिहिलेले हवेत. नुसता विचार मांडलेले नकोत."

"हो सर," मी म्हटलं. यात काय अवघड आहे, असं मला वाटलं. दहाच तर आणायचे!

कॉलेजच्या ग्रंथालयात नियतकालिकांचे वर्षावर्षाचे बांधीव खंड लोखंडी कपाटात असायचे. किल्ली ग्रंथपालांकडे. त्यांना सगळे भाऊ म्हणत. बुटके, खादीचा सदरा, आणि नाकावर रुमाल बांधल्याशिवाय ते कपाट उघडायचे नाहीत, इतकी धूळ. मी दिवसभर बसून जाडजूड लेख निवडले. ज्यात तळटीपा जास्त तो चांगला. ज्यात परदेशी नावं जास्त तो फारच चांगला. झेरॉक्स महाग आणि पुसट, म्हणून हातानं उतरवून घेतले. बोटाला घट्टा पडला. दहा लेखांची वही सरांपुढे ठेवली तेव्हा मी जवळजवळ आरतीचं तबक धरल्यासारखी उभी होते.

सरांनी पानं उलटली. दर लेखापाशी थांबायचे आणि एकच विचारायचे, "हे गृहस्थ खुर्चीतून उठले का?"

"म्हणजे?"

"म्हणजे लिहिण्याआधी कुणाकडे गेले का? कुणाला काही विचारलं? काही बघितलं, मोजलं? का बसल्या जागी लिहिलं?"

मी बघितलं. पहिले गृहस्थ उठले नव्हते. दुसरेही नव्हते. तिसऱ्यात तक्ते होते, म्हणून मी विजयानं बोट ठेवलं. सर म्हणाले, "तक्ता दिसला की भुलायचं नाही. हे आकडे जनगणनेतून उचललेत. उचलायला हरकत नाही, पण यांची स्वतःची पाहणी कुठं आहे?" असं करत दहापैकी नऊ लेख खुर्चीत बसलेलेच निघाले. दहावा उठला होता, पण तो गुरांच्या रोगांवर होता. माझ्या विषयात तो कसा शिरला ते मला आजही सांगता येणार नाही.

"मतं चांगली आहेत ही," सर मऊ आवाजात म्हणाले, "पण मतं आहेत."

मी त्या दिवशी माहेरी जेवले नाही. सरळ भाऊंपुढे जाऊन बसले आणि डोळे पुसायला लागले. भाऊंनी नाकावरचा रुमाल खाली केला.

"ताई, तुम्ही लेख कुठून वाचता?"

"सुरुवातीपासून. कुठून वाचणार?"

"तिथंच चुकतं. सुरुवातीला सगळेच मोठमोठं बोलतात, आणि शेवटी सगळेच उपदेश करतात. मध्ये बघा. कोणतं गाव, कोणती माणसं, किती जण, कसं विचारलं, केव्हा विचारलं, हे मध्ये लिहिलं असलं तर तो लेख तुमचा." मग जरा पुढं वाकून, दुकानदार खास गिऱ्हाईकाला आतला माल दाखवतो तसे म्हणाले, "आणि शेवटाच्या अलीकडे 'मर्यादा' असं काही आहे का ते शोधा. जो माणूस खरंच गावात गेला असतो ना, त्याचं तिथं काहीतरी फसलेलं असतं. तो ते लिहितो. न गेलेल्याचं काही फसत नाही."

भाऊंच्या या युक्तीनं महिनाभरात मी दहा लेख काढले. शीर्षकावर नजर फिरवायची, सारांश वाचायचा, सरळ मधल्या पानावर जायचं. गाव सापडलं, माणसं सापडली, की वहीत घ्यायचं. 'मर्यादा' हा भाग मात्र ओळखीची खूण म्हणून बघायचा आणि उतरवून न घेता सोडून द्यायचा. स्वतःची फजिती अशी चारचौघांत छापणारी माणसं मला वेडी वाटायची. माझ्या प्रबंधात असलं काही नसेल, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

सरांनी वही मान्य केली. आता माझी खुर्चीतून उठण्याची पाळी.

माझा विषय होता, ग्रामीण स्त्रियांना किती मुलं असावीत असं वाटतं. त्या काळी भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता, विषय सरकारमान्य होता. प्रश्नावली मी तयार केली. सरांनी ती तपासली आणि बाराव्या प्रश्नाभोवती पेन्सिलनं गोल काढला. प्रश्न असा होता: मूल नसलेली स्त्री सुखी असू शकते असे तुम्हाला वाटते का? होय, नाही, सांगता येत नाही.

"हा कशासाठी?"

"आधुनिक मुद्दा आहे, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. गोल खोडला नाही आणि प्रश्नही काढायला लावला नाही. चांगल्या मास्तरांना कधी गप्प बसावं ते कळतं, आणि विद्यार्थ्याला त्याचा अर्थ फार उशिरा कळतो.

गाव निवडलं अक्कांच्या माहेरचं. धुळ्याहून जळगावकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे फाट्यावर उतरायचं आणि अर्धा कोस चालायचं. तिथं अक्कांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे, आणि मामी. राहण्याची सोय झाली, ओळख करून द्यायला मामी झाल्या. मी सोय बघितली. आपण ज्यांची सून आहोत त्यांच्याच माहेरी जाऊन बायकांना मुलाबाळांचं विचारणार आहोत, याचा काही अर्थ होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात तळटीपा होत्या ना!

चार दिवस मी फिरले. रीत अशी ठरून गेली. मामी आधी आत जायच्या, चुलीपाशी बसलेल्या बाईशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलायच्या. मी ओट्यावर पेन उघडून बसायची. मला वाटायचं, मामी माझ्यासाठी वातावरणनिर्मिती करतायत. मग ती बाई पदराला हात पुसत बाहेर यायची, माझ्याकडे बघायची, आणि तिचा चेहरा इतका मऊ व्हायचा, की मी मनात म्हणायची, बघा, शिक्षणाला गावात केवढा मान आहे.

"बस ना माय. आधी चहा पी, मंग लिखजो."

मी चहा प्यायची आणि लिहायची. पहिले दहा प्रश्न वय, शेत, शिक्षण असे. अकरावा, किती मुलं असावीत. आणि मग माझा बारावा.

"हाव, सुखीच ऱ्हास ना!" एकजण म्हणाली. मांडीवर एक लेकरू दूध पीत होतं, दुसरं तिच्या पाठीवर चढत होतं, तिसरं माझ्या पेनाचं टोपण चघळत होतं. "पोरे काय कामना शेतस? बठ्ठा ताप शे. एकली बाई म्हंजे राणी शे, माय, राणी."

मी 'होय'वर खूण केली. पाठीवरचं लेकरू तिनं हातानं पुढं ओढून त्याचा मुका घेतला, तेही मी बघितलं. पण मुक्यासाठी माझ्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, वर "पोरं म्हातारपणी कोन दखस?" एवढी भर. कोण बघतंय, म्हणे, म्हातारपणी! शेजारच्या खोलीत तिच्या सासूचे पाय तिचाच नवरा चेपत होता. मी खूण केली, 'होय'.

निघताना प्रत्येक घरी हळदीकुंकू आणि ओटी. अक्कांची सून पहिल्यांदा दारात आलेली, रिकामी कशी जाईल? पदर पुढं करायचा, ओंजळीनं गहू, सुपारी, एखादी खोबऱ्याची वाटी. पुढच्या घराआधी मामी ते सगळं कापडी पिशवीत रिकामं करायच्या. चौथ्या दिवशी पिशवी मला उचलेना. मनातून मी वैतागले होते. माझे चाळीस फॉर्म पाव किलो, आणि या अडाणी प्रेमाचं ओझं दहा किलो! फाट्यावर कंडक्टर म्हणाला, "ताई, गिरणी मागंच राहिली की!" मी त्याच्याकडे फोटोतल्यासारखं बघितलं.

पण गाडीत बसल्यावर मी फॉर्म काढले आणि बारावा प्रश्न मोजला. चाळीस फॉर्म. थोडेफार सोडले तर सगळीकडे 'होय'. पुन्हा मोजला. मला काय वाटलं ते आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून रडले. आनंदानं. बघा, खेड्यातल्या न शिकलेल्या बायका सांगतायत. कागदावर आहे, खुणा आहेत, मोजता येतं. मूल नसलं तरी बाई सुखी असते. आता हे शास्त्रानं सिद्ध झालं, आता कुणी बोलून दाखवावं!

डिग्रीपेक्षा मला तो आकडा हवा होता. आकडा म्हणजे माझ्यासाठी सुटकेचा कागद होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अक्कांना निष्कर्ष वाचून दाखवायला बसले. त्या अंगणात माझ्याच पिशवीतले गहू सुपात घेऊन निवडत होत्या. मी एकेक फॉर्म वाचत होते आणि त्या गहू पाखडत ऐकत होत्या. दहाबारा फॉर्म झाले. अक्का थांबल्या.

"बठ्ठ्या बाया एकच कशा बोलन्यात?"

"कारण तेच खरं आहे, अक्का. याला कल म्हणतात."

"कल," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. मग सुपातून काहीतरी उचलून त्यांनी बाजूला पायरीवर ठेवलं. थोड्या वेळानं आणखी एक. मी वाचत होते. पायरीवर रांग लागली. शेवटी मी विचारलं, "काय आहे ते?"

हळकुंडं होती. साधी नाहीत. मोठ्या हळकुंडाला अंगाखांद्यावर लहान लहान फुटवे चिकटलेले, मुलं बिलगलेल्या आईसारखी. लेकुरवाळी हळकुंडं म्हणतात त्यांना. लेकरू व्हावं म्हणून अशी शोधून ओटीत घालतात. दुकानात पसाभर हळकुंडं चाळली तर एखादं सापडतं. आणि इथे पायरीवर रांग.

"कितली शेतस?" अक्कांनी विचारलं. "मोज. तुले मोजता येस ना."

मी मोजली. आकडा इथे सांगत नाही, तो माझ्या प्रबंधात आहे. तिथे जाऊन बघा. आजवर कुणी गेलेलं नाही. एवढं सांगते, की ती एका घरची नव्हती आणि दोन घरचीही नव्हती. ज्या बायकांनी मला सांगितलं होतं, की पोरं म्हणजे ताप आहे, त्यांनी मी पाठ वळवायच्या आत घरातल्या डब्यांत हात घालून, शोधून, निवडून, माझ्या ओटीत लेकरं घातली होती. आणि मी ते ओझं म्हणून वाहून आणलं होतं.

"येडी," अक्का म्हणाल्या. आवाज असा होता, की मला तो अजून ऐकू येतो. "त्या तुनं मन राखत व्हत्यात. मामीनी बठ्ठास्ले सांगेल व्हई, अक्कानी सूनले लेकरू नही. मंग तुना तोंडवर कोन बोलई, बिनलेकरानी बाई दुखी ऱ्हास?"

चुलीपाशी मामी दोन मिनिटं काय बोलायच्या ते मला तेव्हा कळलं. चार दिवस, चाळीस घरं, आणि मी ओट्यावर पेन उघडून बसलेली!

मला राग आला. अक्कांचा आला, मामींचा आला, त्या सगळ्या बायकांचा आला. दोन दिवस मी धुसफुसत राहिले. फॉर्म तर माझ्याकडे होते. खुणा तर बायकांनीच सांगितल्या होत्या. मी काही खोटं लिहिलं नव्हतं. ओटीत काय होतं ते कुठल्या सरांना कळणार होतं? प्रबंध द्यायची मुदत तीन महिन्यांवर आली होती. मी शबनम उचलली आणि जळगावची गाडी धरली, निष्कर्षाचं प्रकरण द्यायला.

सर तासावर होते, म्हणून ग्रंथालयात बसले. हात रिकामे होते म्हणून माझ्या दहा लेखांचे खंड पुन्हा मागवले आणि या वेळी फक्त मी सोडून दिलेला भाग वाचला, मर्यादांचा. कुणाचं पावसानं फसलं होतं, कुणाला घरातले पुरुष बोलूच देत नव्हते, कुणाला लोकांनी सरकारी माणूस समजून भलतंच सांगितलं होतं. दहाही जणांचं काही ना काही फसलं होतं, आणि दहाही जणांनी ते लिहून ठेवलं होतं. वाचता वाचता मला ही दहा अनोळखी माणसं एका ओट्यावर चहा पीत बसलेली दिसायला लागली. तिथे जागा होती. पण फजिती सांगितल्याशिवाय बसायला मिळणार नव्हतं.

भाऊ खंड परत घ्यायला आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "तुमचंही फसलं वाटतं."

"फार फसलं, भाऊ."

"चला. म्हणजे जाऊन आलात."

सरांना मी सगळं सांगितलं. मामी, चहा, ओटी, हळकुंडं. सात वर्षं हेही सांगितलं. ते सांगताना मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. सरांनी माझी प्रश्नावली पुढं ओढली. मग म्हणाले, "फॉर्म फेकू नका. हळकुंडंही फेकू नका. तेही तुम्हाला मिळालेलं उत्तरच आहे. तीन महिने आहेत, परत जा. आणि ज्या प्रश्नाचं एकच उत्तर आपल्याला हवं आहे, तो प्रश्न आपण विचारू नये."

"बारावा," मी म्हटलं.

"बारावा," सर म्हणाले, आणि आता कुठे त्यांनी तो पेन्सिलीचा गोल खोडला. प्रश्नासकट.

परत गेले तेव्हा कापूस वेचणी चालू होती. या वेळी अक्का सोबत आल्या. फॉर्म नेले नाहीत. अक्कांनी माझ्या कमरेला ओटा, म्हणजे वेचलेला कापूस टाकायचं फडकं, बांधला आणि मला बायकांच्या ओळीत उभं केलं. बोंडांची टोकं बोटांत शिरत होती. पेनानं पडलेला घट्टा तिथे काही कामाचा नव्हता. मी एक तास वेचलेला कापूस बघून बायका इतक्या हसल्या, की पुढचं सगळं सोपं झालं.

दुपारच्या भाकरीला झाडाखाली बसलो तेव्हा अक्कांनी विषयाला तोंड फोडलं. "आते हिले खरं सांगा वं. ही काही रडाव नही."

मी म्हटलं, "मला लेकरू हवंय. फार हवंय. ते तुम्हाला माहीत आहे. पण माझ्यासाठी बोलू नका. तुमचं सांगा."

आणि अर्थातच मी रडले. अक्कांचा माझ्याविषयीचा तेवढा एक अंदाज चुकला. का त्यांनी मुद्दामच चुकवला, देव जाणे.

मग बायका बोलल्या. एकीला दोनच हवी होती, झाली पाच. एकीची दोन गेली होती, त्यांना धरून मोजायचं का, असं तिनं मलाच विचारलं. "तुम्ही धराल तसं," मी म्हटलं, तर तिनं ती धरली. पेनाचं टोपण चघळणाऱ्या लेकराची आई, जी मला राणी म्हणाली होती, ती भाकरीचा घास मोडत खाली बघून म्हणाली, "बिनपोरंनी मी एक दिन बी नही ऱ्हावू. त्या दिन तुले कसं सांगू?"

आणि मी मान डोलवत होते तोच एक थोराड बाई ठसक्यात म्हणाली, "मी तवय बी खरंच सांगं व्हतं. पोरं नसती व्हयनी ते मी सुखी ऱ्हातू. आते बी तेच सांगस. लिख!"

सगळ्या खिदळल्या. मी मात्र दचकले. घरून निघताना मी ठरवूनच आले होते, की 'होय' म्हणणाऱ्या सगळ्याच जणींनी मन राखलं. तेही माझं खुर्चीत बसूनच ठरवलेलं होतं. त्या बाईनं मला तिथल्या तिथे उठवलं. तिला कळलं नाही, पण माझ्या सगळ्या शिक्षणातला तो सगळ्यात मोठा तास होता, आणि फी म्हणून तिनं माझ्या वाटणीचा ठेचा खाल्ला.

प्रबंध वेळेत दिला. कल वगैरे काही निघाला नाही. वेगवेगळ्या बायकांना वेगवेगळं वाटतं, एवढंच निघालं, आणि ते बरीच पानं घेऊन लिहिलं. मर्यादांचा भाग मात्र सगळ्यात लांब झाला. मामी, चहा, ओटी, सूप, पायरीवरची रांग, सगळं त्यात. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक तेच पान उघडून बसले. म्हणाले, "बाकीचं ठीक आहे. पण तुम्ही गावात गेला होतात हे मला या पानावरून कळलं." सर माझ्याकडे बघून नाही, खिडकीकडे बघून हसले.

आता तुम्ही विचाराल, मग ही आजी कशी झाली? झाले. चार वर्षांनी मुलगी झाली. अक्का म्हणाल्या, हळकुंडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या. आमचे हे, जे या विषयावर कधी बोलायचे नाहीत, ते पहिल्यांदा बोलले आणि म्हणाले, "माझाही काही वाटा असेल की." पेढे द्यायला जळगावला गेले तेव्हा सर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही हं!" नातीला मी हे सगळं सांगते. तिचंही आता कॉलेज आहे, तिलाही असेच लेख शोधून आणायला सांगतात, यंत्रावर बसल्या बसल्या शेकडो येतात. मी म्हणते, मधलं पान उघड, आणि फजिती शोध.

प्रबंधात लिहिली नाही अशी एक गोष्ट राहिली. ती मर्यादा म्हणावी की काय, मला ठरवता आलं नाही.

पायरीवर हळकुंडांची रांग लागली त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी, सगळ्यांवर रागावलेली असताना, मी त्यातलं एक गुपचूप उचललं आणि मागच्या दारी डालड्याच्या जुन्या डब्यात माती घालून पुरलं. फुटवा येईल म्हणून. हळकुंड उकडून वाळवलेलं असतं, ते कधी उगवत नाही. शेतकऱ्याच्या लेकीपाशी सात वर्षं नांदलेल्या, समाजाचा अभ्यास करणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं! कापसाच्या शेतात एका बाईनं बोलता बोलता सांगितलं तेव्हा कळलं. घरी परत आले, दोन दिवसांनी आठवण झाली तशी डबा टाकून द्यायला मागच्या दारी गेले.

माती ओली होती.

मी डबा तिथेच ठेवला. पुढच्या पहाटे लवकर उठले आणि दाराच्या फटीतून बघितलं. अक्का आल्या. हातात तांब्या. हळदीच्या वाफ्यात लहानाची मोठी झालेली बाई, तिनं त्या डब्यापुढे वाकून, सगळीकडून सारखं, जपून पाणी घातलं. मग इकडेतिकडे बघितलं आणि आत निघून गेल्या.

मी ते रोज बघायची. टिपून मात्र कधी ठेवलं नाही. डबा पुढं कितीतरी दिवस तिथेच होता, आणि त्याची माती काही कोरडी झाली नाही.